शिवराईला घाई मानवत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा उलटला की घरोघरीच्या पितळी डब्यांतून आणि देव्हाऱ्यांतून जुनी नाणी बाहेर निघतात. लक्ष्मीपूजनाला मांडायचा राणीछाप रुपया, पणजोबांच्या पेटीतल्या दोन-चार शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी), ढब्बू पैसा, भोकाचा पैसा. त्याच सुमारास पुरवण्यांतून आणि व्हॉट्सॲपवरून घरगुती युक्त्याही सुरू होतात. तांब्याचे नाणे चिंच-मिठाने चोळा, चांदीचे टूथपेस्टने घासा, पाच मिनिटांत लख्ख. दुसरीकडे, ज्यांनी शहाणपणाने आपली नाणी जाणत्या संवर्धकाकडे दिली ते ‘चार महिने झाले, नाणे अजून परत नाही’ म्हणून हवालदिल झालेले दिसतात. दोन्हींच्या मुळाशी एकच समज आहे, की नाणे साफ करणे म्हणजे भांडे घासणे. आम्ही नाणी जमवणारे आणि धातूच्या वस्तूंचे संवर्धन करणारे काही जण मिळून हे पत्र लिहीत आहोत. प्रयोगशाळेत गेलेल्या नाण्याचे तिथे नेमके काय चालते, कुठला उशीर रास्त आणि कुठला नाही, हे वाचकांना कळावे एवढाच हेतू.

आधी त्या चिंच-मिठाचे पाहू. चिंचेचे आम्ल तांब्यावरचा काळपट थर सोडवते, मीठ त्याला क्लोराइड पुरवते, म्हणून काम झटपट होते. पातेल्याचे त्यात काही बिघडत नाही. त्याचा पत्रा घट्ट असतो आणि ते रोज धुतले जाते. दोन-तीनशे वर्षांचे, त्यातही मातीत राहिलेले नाणे मात्र आतून सच्छिद्र झालेले असते. खारट आंबट पाणी त्या छिद्रांत शिरते आणि नळाखाली कितीही धरले तरी बाहेर येत नाही. आत क्युप्रस क्लोराइड तयार होते, मेणासारखे फिकट करडे. हवा कोरडी असेल तोवर ते गुमान पडून राहते. हवेतली आर्द्रता चाळीस टक्के ओलांडून वर चढू लागली की ओल आणि ऑक्सिजन मिळून त्याची पोपटी भुकटी होते आणि सोबत आम्ल सुटते. ते आम्ल खालच्या चांगल्या तांब्याला लागते, तिथे पुन्हा क्लोराइड बनते, पुन्हा ओल, पुन्हा भुकटी. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर कळकते हे जुन्या माणसांना सांगावे लागत नव्हते. इथे ताक नाण्याच्या पोटात भरून ठेवलेले असते, इतकाच फरक.

संग्राहक याला ब्रॉन्झ डिसीज म्हणतात, मग नाणे निव्वळ तांब्याचे का असेना. जुन्या बाजारात याला ‘हिरवी बुरशी’ म्हणायची पद्धत आहे, पण ही बुरशी नाही आणि बुरशीची औषधे तिला लागू पडत नाहीत. एका डब्यातली दहा नाणी एकाच पावसाळ्यात हिरवी होतात ती लागण होऊन नव्हे, डबाच दमट असतो म्हणून. सांडलेल्या भुकटीबरोबर क्लोराइड शेजारच्या नाण्यावर जाऊ शकते, म्हणून रोगट नाणे वेगळे काढावे हे मात्र खरे. ओळखायचे कसे? लाकडी टूथपिकचे टोक हिरव्या जागेवर हलकेच टेकवा. गडद हिरवा किंवा तपकिरी, कठीण, टोकाला काहीही न लागणारा थर म्हणजे पॅटिना. ते नाण्याचे कमावलेले कातडे आहे, त्याला हात लावू नये. टोकाला पीठ लागले, रंग कोवळ्या पोपटी मटारासारखा असला आणि पिठाखाली खळगा दिसला, तर रोग आहे.

आता समजा अशी एक शिवराई संवर्धकाकडे गेली. वजन साधारण ११ ते १३ ग्रॅम, एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’, भोवती ठिपक्यांचे वर्तुळ. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर हे नाणे सुरू झाले आणि त्याच नावाने महाराजांच्या पश्चातही पाडले जात राहिले. त्यामुळे एखादी शिवराई कुठल्या प्रकारची हे ठरते ते अक्षरांच्या वळणावरून आणि लेखनावरून. शिव, सिव, सीव, पति, पती असे सगळे प्रकार सापडतात. म्हणजे नाण्याची ओळख, आणि पुष्कळदा किंमतही, एका वेलांटीत असते. ही वेलांटी पृष्ठभागापासून जेमतेम तिळाच्या सालीएवढी उचललेली असते, तिच्यावर मातीचा आणि हिरव्या थराचा एक पापुद्रा असतो, आणि कित्येकदा वेलांटीचे मूळ तांबे गळून जाऊन तिचा आकार फक्त त्या थरातच शिल्लक राहिलेला असतो. तारेच्या ब्रशने दोन हात मारले की ऱ्हस्व-दीर्घाचा वाद कायमचा मिटला! आम्लात बुडवले तरी तेच होते, कारण आम्लाला माती, पॅटिना आणि वेलांटी यांतला फरक कळत नाही.

म्हणून पहिला आठवडा नुसत्या नोंदीत जातो. नाणे शतांश ग्रॅमपर्यंत तोलायचे, व्यास आणि जाडी मोजायची, दोन्ही बाजू आणि कडेचे फोटो मोजपट्टी ठेवून, तिरप्या उजेडात काढायचे. हा वेळ वाया गेला असे ज्यांना वाटते त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शिवराईचा ठसा मोठा आणि तांब्याची चकती बहुतेक वेळा त्याहून लहान, शिवाय घाव कधी मधोमध तर कधी कडेला पडलेला. त्यामुळे प्रत्येक नाण्यावर अक्षरांचा वेगळा तुकडा उमटतो आणि कडेची चीरही वेगळी असते. नाणे बदलले गेल्याचा संशय उद्या आला तर हे फोटो अंगठ्याच्या ठशासारखे उपयोगी पडतात. वजन मात्र त्या कामाला येत नाही, कारण माती आणि भुकटी निघाल्यावर ते कमीच भरणार. अर्धा-पाऊण ग्रॅम कमी भरले म्हणून कुणी तांबे कातरून घेतले असे समजू नये.

यानंतर ॲसिटोन. तेल, मेण, बोटांचा चिकटपणा, पूर्वीच्या मालकाने फासलेले वॉर्निश हे सगळे त्यात निघते आणि धातूला ते शिवत नाही. झाकणाच्या काचेच्या भांड्यात रात्रभर, मग ताज्या ॲसिटोनमध्ये पुन्हा एकदा. नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे ॲसिटोन नव्हे, त्यात तेल, रंग, सुवास असे काहीबाही असते. या टप्प्यावर कधीकधी भलताच उलगडा होतो. दुर्मीळ सालाचा म्हणून घेतलेल्या रुपयाच्या तारखेतला एक आकडा चिकटवलेला असला तर तो ॲसिटोनच्या भांड्याच्या तळाशी सापडतो. १९३९ चा रुपया दुर्मीळ असल्याने तारखेत फेरफार केलेले नमुने बाजारात फिरतात. अशा वेळी नाणे संवर्धकाने बिघडवले म्हणून भांडण होते, आणि तेव्हाही पहिल्या दिवशीचे फोटोच कामी येतात.

खरा वेळ खाणारे काम सूक्ष्मदर्शकाखाली चालते. १० ते ४० पट मोठे करून पाहत बांबूची तासलेली काडी, बाभळीचा काटा, साळिंदराचे पीस अशा तांब्याहून मऊ टोकांनी मातीचा कण न् कण सुटा करायचा. मध्येमध्ये डिस्टिल्ड पाण्याचा किंवा अल्कोहोलचा थेंब. स्काल्पेल, म्हणजे शस्त्रक्रियेचा चाकू, लागलाच तर तो आडवा धरून, आणि तोही फक्त वरच्या खड्याएवढ्या गाठींसाठी. शिवराईची एक बाजू दोन तासांत उरकू शकते किंवा दोन दिवस खाऊ शकते. सलग चाळीस-पन्नास मिनिटांपलीकडे डोळा आणि मनगट भरवशाचे राहत नाही, आणि थकलेल्या हाताने काढलेला ओरखडा परत भरत नाही. ‘एक तासाचे काम आहे, आज करून द्या’ म्हणणाऱ्याला नकार देणारा संवर्धक आळशी नसतो.

मग क्लोराइड बाहेर काढायचे. जुनी आणि आजही वापरात असलेली रीत म्हणजे ५ टक्के सोडियम सेस्क्वीकार्बोनेटचे द्रावण, लिटरला ५० ग्रॅम, डिस्टिल्ड पाण्यात. नाणे त्यात बुडवून ठेवायचे, सुरुवातीला दर आठवड्याला आणि नंतर पंधरवड्याला द्रावण बदलायचे. नळाचे पाणी चालत नाही, कारण त्यातच क्लोराइड असते. दर बदलाच्या वेळी जुन्या द्रावणाचे थोडे पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात फसफस थांबेपर्यंत विरळ नायट्रिक आम्ल टाकतात आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन-तीन थेंब. पांढरा गढूळपणा आला की क्लोराइड अजून निघते आहे. शेजारी न वापरलेल्या द्रावणाची नळी तुलनेला ठेवतात. ती आणि ही सारखीच स्वच्छ दिसेपर्यंत भांडे तसेच चालू ठेवायचे. याला सहा आठवडे लागतील की चार महिने, हे आधी कुणालाच सांगता येत नाही. नाण्याच्या छिद्रांतून मीठ ज्या संथपणे झिरपते त्याच गतीने काम होते. द्रावण गरम करून किंवा तीव्र करून घाई केली तर पॅटिनाचा रंग निळसर होतो. तसा धोका या रीतीत मंदगतीनेही असतोच, म्हणून अनेक जण ती टाळून केवळ डिस्टिल्ड पाण्याच्या अंघोळी घालतात किंवा सरळ पुढच्या टप्प्याला जातात. यांतले काय निवडायचे हे नाणे पाहून ठरते. आमचे मत विचाराल तर ज्या नाण्याची पॅटिना सुंदर आहे त्याला सेस्क्वीकार्बोनेट दाखवूच नये.

पुढचा टप्पा म्हणजे बेंझोट्रायझोल. ३ टक्के, इथेनॉलमध्ये, शक्यतो निर्वात भांड्यात म्हणजे बुडबुडे निघून द्रावण खळग्यांच्या तळापर्यंत पोचते. २४ तासांनी काढून इथेनॉलच्या बोळ्याने जादा द्रावण टिपून घ्यायचे, नाहीतर वाळल्यावर पांढरे स्फटिक दिसू लागतात. हे रसायन उरलेल्या क्लोराइडला काढून टाकत नाही. ते तांब्यावर पातळ पदर धरते आणि ओलीची वाट अडवते. नाणे यात किंचित गडद होते. हे घरी करून पाहण्याचे काम नव्हे. बेंझोट्रायझोल अंगाला बरे नाही, हातमोजे आणि धूर ओढणारी खोली लागते, आणि वापरलेले द्रावण मोरीत ओतता येत नाही. दहा-बारा नाणी एकदम बुडवण्याएवढी जमेपर्यंत संवर्धक हे भांडे भरत नाही, त्यातही काही दिवस जातात. हा उशीर रास्त धरावा.

त्यानंतर ज्या गोष्टीपायी मालकांचा सर्वात जास्त जीव टांगणीला लागतो ती येते. नाणे वरून तयार दिसते, फोटोही छान येतो, आणि संवर्धक ते मुद्दाम दमट डब्यात ठेवतो. हवाबंद डबा, तळाशी पोटॅशियम सल्फेटच्या संपृक्त द्रावणाची वाटी. २५ अंशांना आतली आर्द्रता ९७ टक्क्यांच्या आसपास राहते. दोन दिवस, शक्य तर आठवडाभर. भिंगातून पाहताना कुठे मोहरीच्या निम्म्याएवढा जरी पोपटी ठिपका उगवला तरी बेंझोट्रायझोलचा फेरा पुन्हा, कधी सगळे पहिल्यापासून. ही परीक्षा वगळली तर वेळ वाचतो आणि तोच ठिपका पुढच्या आषाढात तुमच्या कपाटात उगवतो. चोवीस तासांत नाणे देणारा नेमके हेच वगळतो.

शेवटी लेप. बहुधा पॅरालॉइड बी-७२ हे ॲक्रिलिक, ३ ते ५ टक्के, ॲसिटोनमध्ये, किंवा टोल्यूनमधले इन्क्रालॅक. इथे आपला पावसाळा आडवा येतो. ॲसिटोन झपाट्याने उडते, उडताना पृष्ठभाग गार करते, आणि हवेत ८० टक्क्यांवर ओल असेल तर तिचे दव लेपावरच बसते. लेप पारदर्शक होण्याऐवजी दुधाळ पडतो. तो काढून पुन्हा लावावा लागतो. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे जुलै-ऑगस्टमध्ये, वातानुकूलित आणि ओल शोषणारे यंत्र असलेली खोली नसेल तर लेपाचे काम बंदच ठेवलेले बरे. मे महिन्यात दिलेले नाणे ऑक्टोबरात आले तर त्यातले दोन महिने केवळ पावसाचे असू शकतात. सोलापूर किंवा संभाजीनगरच्या कोरड्या हवेत तेच काम लवकर उरकते, यात कुणाच्या कौशल्याचा प्रश्न नाही. आमची सूचना साधी आहे. तांब्याचे रोगट नाणे दिवाळीनंतर द्या, म्हणजे कोरडे सहा महिने हाताशी मिळतात. गणपतीच्या आधी नाणे परत हवे असा हट्ट धरून जूनमध्ये दिले तर घेणारा चांगला असूनही काम बिघडेल.

एकुणात, ब्रॉन्झ डिसीज झालेल्या तांब्याच्या नाण्याला तीन ते सहा महिने लागणे सरळ आहे. चांदीचे गणित वेगळे. १८३५ नंतरचा कंपनीचा, राणीचा आणि राजाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदीचा. १९४० पासून ती निम्म्यावर आली. अशा रुपयावर काळसर, निळसर, सोनेरी छटा चढतात तो चांदी आणि गंधकाचा अत्यंत पातळ थर असतो. तो नाण्याचे काही बिघडवत नाही, उलट एकसारखा चढलेला असला तर जाणकार त्यासाठी जास्त पैसे मोजतात. सराफाकडे मिळते त्या थायोयुरियाच्या ‘डिप’मध्ये पाच सेकंद बुडवले की थर जातो. त्याबरोबर टांकसाळीत धातू दाबला जाताना पृष्ठभागावर उठलेल्या सूक्ष्म रेषाही जातात. नाणे उजेडात फिरवले की चक्रासारखी फिरणारी झळाळी या रेषांमुळे दिसते. दोन-तीनदा बुडवलेले नाणे पांढरे दिसते, पण मेल्यासारखे. टूथपेस्ट आणि रांगोळी तर खरवडतातच. पंचम जॉर्जच्या रुपयावर मागच्या बाजूला तळच्या कमळाखाली एक बारीक उठावाचा ठिपका असला तर ते मुंबई टांकसाळीचे, नसला तर कलकत्त्याचे. दर दिवाळीला रांगोळीने घासून तो ठिपका झिजवला की मुंबईचा रुपया कलकत्त्याचा होऊन बसतो.

चांदीला संवर्धनाची खरी गरज पडते ती प्लास्टिकच्या हिरव्या चिकट थरासाठी. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून निघणारा हा थर ॲसिटोनमध्ये एक-दोन दिवसांत सुटतो. याला महिने लागत असतील तर कारण विचारायला हरकत नाही. पूजेतल्या नाण्यांवरचे वाळलेले हळद-कुंकू आणि पंचामृताची कीट कोमट डिस्टिल्ड पाणी आणि ॲसिटोन यांनी बरीचशी जाते. पूजेचा रुपया पुन्हा पूजेतच जाणार असेल तर संवर्धनावर खर्च करू नये, तो झिजायचाच आहे.

चांदीच्याच बाबतीत जोगळटेंभीचे उदाहरण प्रत्येक संग्राहकाने डोक्यात ठेवावे. नाशिक जिल्ह्यात १९०६ मध्ये सापडलेल्या त्या साठ्यात क्षत्रप नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. वरच्या ठशाखाली नहपानाचा चेहरा, नाक, ग्रीक अक्षरांचा एखादा तुकडा अंधूक दिसतो. सातवाहनांनी क्षत्रपांवर मिळवलेल्या विजयाचा पुरावा त्या अंधूकपणातच आहे. असे नाणे लख्ख केले की वरचा ठसा उठून दिसतो आणि खालचा निघून जातो.

सोन्याच्या होनाला ॲसिटोन आणि पाणी पुरते, त्यावर अधिक शाई खर्चायला नको. शिसे मात्र कठीण. सातवाहनांची शिशाची नाणी लाकडी कपाटात, विशेषतः प्लायवूड किंवा एमडीएफच्या खणात ठेवली तर लाकडातून निघणाऱ्या ॲसिटिक आम्लाच्या वाफेने पांढरी पिठूळ होतात, आणि शेवटी पीठच उरते. तांब्याला चालणाऱ्या डिस्टिल्ड पाण्याच्या लांब अंघोळी शिशाला चालत नाहीत, ते विरघळू लागते. पांढरी भुकटी विषारी आहे, फुंकर मारू नये, मुलांच्या हाती देऊ नये. हे काम करणारे थोडे, त्यामुळे इथे रांग लांब असते.

देताना काय मागावे? एक कागद. त्यावर नाण्याचे वर्णन, वजन, दोन्ही बाजूंचे फोटो, कोणती रसायने कोणत्या प्रमाणात वापरणार, काय करणार नाही, अंदाजे मुदत, आणि मुदत वाढणार असेल तर कळवण्याची तारीख. ‘काय करणार नाही’ हा रकाना सर्वात महत्त्वाचा. पॅटिना काढणार नाही, खळगे भरणार नाही, झिजलेली अक्षरे कोरून उठवणार नाही, गंधकाच्या पोटॅशने काळा रंग देणार नाही. कोरून उठवलेली शिवराई जाणत्याच्या भिंगाखाली तत्काळ पकडली जाते, आणि मग तिची किंमत मूळ खराब नाण्याहूनही कमी होते. कामाच्या मध्यावर एक फोटो मागावा. दर आठवड्याला फोन मात्र करू नये. उत्तर ‘अजून द्रावणात आहे’ हेच असणार. ज्या उशिराला कारणच नाही, मधला फोटो नाही, सिल्व्हर नायट्रेटची चाचणी केव्हा केली त्याची तारीख नाही, तो उशीर रास्त नाही. तिथे नाणे आहे त्या स्थितीत परत मागावे, आणि ते ओले परत येणार नाही एवढे पाहावे. मोठ्या संग्रहालयांच्या प्रयोगशाळांपुढे त्यांच्याच हजारो वस्तू रांगेत असतात, तिथे खासगी नाणे घेतले जाईलच असे नाही, आणि घेतले तर क्रम मागे असतो.

परदेशी पाठवण्याविषयी. अमेरिकेतल्या दोन प्रमुख ग्रेडिंग कंपन्यांकडे, म्हणजे नाण्याचा दर्जा ठरवून देणाऱ्यांकडे, संवर्धनाची सोय आहे आणि तिकडे नाणे पाठवून डबीबंद करून आणण्याचा मोह पुष्कळांना होतो. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे ही पुराणवस्तू ठरते, आणि ती देशाबाहेर नेण्याची मुभा केवळ केंद्र सरकारला आणि त्याने अधिकार दिलेल्या संस्थेला आहे. दुरुस्तीला पाठवतो, परत येणार आहे, ही सबब त्यात बसत नाही. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंड. शिवराई सोडाच, सगळे राणीछाप आणि एडवर्डचे रुपये आज या मर्यादेत येतात, आणि पंचम जॉर्जची नाणी दरवर्षी एकेक सालाने येत आहेत. कुरिअरच्या अटीही वाचाव्यात, बहुतेकांत नाणी वगळलेली असतात आणि हरवल्यास भरपाई मिळत नाही. नाणे शक्यतो हाताने पोचवावे, हाताने आणावे. आणि शेतात किंवा पाया खणताना सापडलेली नाणी असतील तर संवर्धकाच्या आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे असते. १८७८ चा कायदा त्यासाठी आजही लागू आहे. ‘नाणे आले कुठून’ असे विचारणाऱ्या संवर्धकाचा राग धरू नये.

आता परत आल्यावर. पहिली प्रतिक्रिया बहुधा निराशेची असते, ‘एवढे महिने ठेवून काळेच?’ काळपट, मंद, अक्षरे वाचता येणारे, हाताला कोरडे लागणारे तांब्याचे नाणे म्हणजे काम नीट झाले. लालबुंद चकचकीत शिवराई परत आली तर ती आम्लातून काढली आहे. हिरव्या भुकटीखालून खळगे उघडे पडले असतील तर ते रोगाचे आहेत, काडीचे नव्हेत. खाचांत पांढरे काही दिसले तर मेण किंवा बेंझोट्रायझोल राहिले आहे, ते दुरुस्त होते. लेपात बोटाचा ठसा उमटला असेल तर मात्र नाणे परत करावे.

ठेवायचे कुठे हा प्रश्न उरतो, आणि निम्मी नाणी इथेच पुन्हा बिघडतात. नव्या रेनकोटसारखा वास येणारा मऊ अल्बम वापरू नये. शंका असेल तर उघड्या हवेत, तांब्याची तार लाल तापवून प्लास्टिकच्या तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर प्लास्टिकमध्ये क्लोरीन आहे. धूर हुंगू नका. पॉलिएस्टर, पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन चालते. लोखंडी कपाट लाकडी कपाटाहून बरे. रबरबँड, लोकर, वर्तमानपत्राचा कागद, डांबरगोळ्या जवळ नकोत. वर्तमानपत्राबद्दल संपादकांनी रागावू नये, पण चांदी त्यात गुंडाळली की काळी पडते. जेवणाचा पारदर्शक हवाबंद डबा, दोन लिटरचा, त्यात १५०-२०० ग्रॅम सिलिका जेलची कापडी पुरचुंडी आणि तळहाताएवढा आर्द्रतामापक. काटा ३५ टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे. जेलचे नारिंगी दाणे हिरवे पडले की पुरचुंडी सोडून दाणे ताटलीत पसरावेत आणि ओव्हनमध्ये १२० अंशांना तीन-चार तास तापवून, गार झाल्यावर पुन्हा डब्यात ठेवावेत. डबा पाहुण्यांना दाखवण्यासाठी श्रावणात उघडू नये.

पहिल्या पावसाळ्यात दर पंधरवड्याला डब्याच्या बाहेरूनच भिंगाने नाणे पाहावे. लेपाला चीर गेलेल्या जागी, बहुधा कडेला, एखादा पोपटी ठिपका दिसलाच तर टोकरू नये, तेल लावू नये. फोटो काढावा, तारीख लिहावी, ते नाणे वेगळ्या छोट्या डबीत ताज्या सिलिका जेलसोबत ठेवावे आणि पाऊस ओसरला की त्याच संवर्धकाकडे, जुन्या कागदासह, परत न्यावे.

आपले,
काही नाणेसंग्राहक व धातुसंवर्धक, पुणे